गाडी स्लोवर टिकत नाही? आधी चोक ओढून बघा

सिग्नलला गाडी फडफडून बंद पडायला लागली की बहुतेक जण रेसचा (म्हणजे स्लोचा वेग ठरवणारा) स्क्रू अर्धा फेरा आत घेतात. बंद पडणं थांबतं, पण दोष तसाच राहतो आणि वर ॲव्हरेज घसरतं. त्या स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी. (इथे बोलतोय ते कार्बोरेटरवाल्या १००-१२५ सीसी गाड्यांबद्दल. बीएस-६ इंजेक्शनवाल्या गाड्यांचं तंत्र वेगळं.)

पाच-सहा किलोमीटर फिरवून इंजिन तापवा. मग गाडी स्लोवर (ॲक्सिलरेटर न देता) ठेवून चोक, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खिट्टी, हळूच अर्धा ओढा. आवाज सुधारला तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा घुसतेय. गाडी घुसमटली तर पेट्रोलची कमतरता नाही, एवढं नक्की. मग एअर फिल्टर, प्लग आणि टॅपेटकडे (व्हॉल्व्हची फट जुळवायचा स्क्रू) वळा.

हवा घुसण्याची नेहमीची जागा म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिनाचं हेड यांच्यामधला जोड. तिथला रबर तडकतो, ओ-रिंग चपटी होते, नाहीतर दोन बोल्टपैकी एक ढिला असतो. चालू गाडीच्या जोडावर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. क्षणभर आवाज बदलला तर चोर सापडला. कार्ब क्लीनर मारून बघणारेही आहेत, पण तो पेट घेतो आणि सायलेन्सर हातभरावरच असतो.

जोड ठीक असेल तर पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा छोटा भाग. स्लोवर इंजिनाचं पेट्रोल येतं ते मुख्यतः या जेटमधून. केहिन कंपनीच्या ३५ नंबरच्या जेटचं भोक ०.३५ मिलिमीटरचं, म्हणजे पेट्रोल सुकून बसलेला चिकटा त्याला पुरेसा आहे. गाडी महिनाभर उभी होती का, हे म्हणून आधी विचारायचं. कार्बोरेटर उतरवण्याआधी खालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाला वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी. पावसाळ्यात हे हमखास होतं. मग टाकीही रिकामी करावी लागते, नुसती कार्बोरेटरची खालची वाटी धुऊन भागत नाही. जेट क्लीनरमध्ये भिजवा आणि हवा मारा. सुई किंवा पोलादी तार घालू नका. भोक एकदा मोठं झालं की नवीन जेटशिवाय इलाज नाही.

प्लगही काढून त्याचा रंग बघा: विटकरी बरा, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी. गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा.

थंड असताना छान आणि तापल्यावर स्लो बिघडतो, अशी तक्रार असेल तर टॅपेटवर संशय घ्या. ढिला टॅपेट टकटक करतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जातं. घट्ट टॅपेट गप्प बसतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. आवाज करणारा परवडला. गॅप इंजिन पूर्ण थंड असतानाच, टी मार्क (पिस्टन सगळ्यात वर आल्याची खूण) जुळवून आणि दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) मोकळे आहेत हे बघून फीलर गेजने (मोजक्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) घ्यायची. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातलं काम आहे, अंदाजाने करू नका.

एवढं झाल्यावर ट्यूनिंग. मिक्श्चरचा (स्लोवर पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू आधी मोजत-मोजत हलकेच पूर्ण बंद करा. किती फेरे होते ते लिहून ठेवा आणि दीड ते दोन फेरे उघडा. बंद करताना जोर लावलात तर स्क्रूचं टोक खराब होतं. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, तिथे उलटं. तापलेल्या इंजिनावर पाव-पाव फेरा फिरवत जिथे आवाज सगळ्यात चढतो तिथे थांबा, आणि मग रेसच्या स्क्रूने खाली आणा. १०० सीसीला साधारण १४०० आरपीएम. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. रेस वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. तिला थोडी ढील द्या.