तुम्ही विचारलंत म्हणून: काडतुसं घरी भरणं परवडतं का?

अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर मराठी माणूस भेटला की नाव-गाव झाल्यावर तिसरं वाक्य हेच: "तुम्ही घरी रीलोड करता ना? मग बरंच स्वस्त पडत असेल." रीलोड म्हणजे उडवलेल्या काडतुसाची रिकामी केस घरी पुन्हा भरणं. हो म्हटलं की प्रेस (भरायचं यंत्र) कोणता घेऊ ते विचारतात. नाही म्हटलं की विचारतात, मग करता कशाला? कोणतं काडतूस, ते मात्र कोणी सांगत नाही. उत्तर सगळं तिथेच अडलेलं असतं.

पिस्तुलाचं ९ मिलिमीटर घ्या. पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, रेंजवर वेचलेली, म्हणजे फुकट. ११५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) बुलेट, म्हणजे पुढची गोळी, १० सेंट. प्राइमर, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, ७ सेंट. पावडर, म्हणजे आतली दारू, एका काडतुसाला ५ ग्रेन धरली, तर ७००० ग्रेनच्या एका पौंडात १४०० काडतुसं होतात. म्हणजे ४५ डॉलरच्या डब्यातून एकाला सव्वातीन सेंट. झाले २० सेंट. हजाराची पेटी घेतली तर दुकानात तेच २४ च्या आसपास मिळतं. प्रेस, डाय (प्रेसमध्ये बसणारा, केसला आकार देणारा साचा), वजनकाटा, कॅलिपर धरून साडेचारशे डॉलर घातले असतील, तर ते वसूल व्हायला ११ हजारांवर काडतुसं भरावी लागतील. सिंगल-स्टेज, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवर तासाला जेमतेम पन्नास होतात. घरचा फराळ स्वस्त पडतो म्हणणाऱ्यांसारखंच हे, वेळ कोणी हिशोबात धरत नाही.

आता रायफलीचं .३०८ विंचेस्टर, तेही मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचं. १६८ ग्रेनची मॅच बुलेट ४८ सेंट, प्राइमर ८, पावडर साधारण २७ (४२ ग्रेन धरून, हा हिशोबाचा आकडा आहे, भार म्हणजे प्रत्यक्ष भरायचं पावडरचं वजन नव्हे, भार नेहमी पावडर कंपनीच्या तक्त्यातून घ्यायचा). डॉलरची केस आठ वेळा वापरली तर १२ सेंट. एकूण ९५. दुकानात याच दर्जाचं काडतूस दीड डॉलरच्या पुढे. इथे सामानाचे पैसे सात-आठशे काडतुसांत सुटतात. शिवाय तुमच्या रायफलीला नेमका कोणता भार मानवतो, हे शोधता येतं. .२२ चा प्रश्नच नको. त्याचं प्राइमिंग केसच्या काठात असतं आणि बंदुकीच्या पिनने तो काठ चेपला की केस संपली.

हे सगळे भाव आजचे. २०१९ साली मी ९ मिलिमीटरलाही बेधडक "भरा" म्हणत होतो, कारण तेव्हा हजार प्राइमर ३० डॉलरला मिळत होते. मग २०२० उजाडलं. कोविड, दंगली, निवडणूक. एफबीआयकडच्या बंदूकखरेदीच्या तपासण्या त्या वर्षात जवळपास ४ कोटींवर गेल्या. काडतुसं संपली, म्हणून लोक रीलोडिंगकडे वळले, आणि मग प्राइमरही संपले. बुलेट शिसं ओतून घरी करता येते, केस वेचता येते, पावडर एकाऐवजी दुसरी (तिच्या तक्त्यातल्या भाराने) चालते. प्राइमरला पर्याय नाही. त्यातलं लेड स्टिफनेट हे स्फोटक इतकं नाजूक की नवा कारखाना चार महिन्यांत उभा राहत नाही. अमेरिकेत मोठे प्राइमर-उत्पादक चारच: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन. त्यातल्या रेमिंग्टनने जुलै २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि आर्कान्सातला तिचा लोनोकचा कारखाना व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने घेतला. सीसीआय आणि फेडरल तेव्हा आधीपासून व्हिस्टाचेच होते! हे चारही जण स्वतः काडतुसं बनवतात. जो प्राइमर स्वतःच्या तयार काडतुसात घालून जास्त पैसे मिळतात, तो सुटा कशाला विकतील? हजार प्राइमरचा भाव ८० डॉलर, १०० डॉलर, खासगी विक्रीत त्याहूनही वर. मशीन फडक्याखाली गेली. म्हणजे "घरी भरलं की दुकानावर अवलंबून राहावं लागत नाही" हा आमचा लाडका युक्तिवाद गरजेच्या वेळीच तोंडावर पडला. ज्यांनी स्वस्ताईत पाच-सहा हजार प्राइमर घेऊन ठेवले होते ते शहाणे ठरले. पण ते प्राइमर साठवण्यामुळे, रीलोडिंगमुळे नव्हे. पुढे पावडरची तीच गत झाली. युक्रेन युद्धात तोफगोळ्यांना नायट्रोसेल्युलोज, म्हणजे पावडरचा मूळ घटक, लागू लागलं. व्हारगेटसारखी ऑस्ट्रेलियातून येणारी पावडर दिसली की दोन डबे उचलायचे, ही सवय तेव्हापासूनची.

तरीही घेणारच असाल, तर पिस्तुलापासून सुरुवात करू नका. सगळे उलटंच सांगतात, पिस्तुलाचं सोपं म्हणून. पण ९ मिलिमीटरमध्ये घट्ट पावडरचे ५ ग्रेन केसच्या निम्म्यापर्यंतही येत नाहीत. चुकून दोनदा पडली तरी तो घातक दुप्पट भार आत मावतो आणि बुलेट बिनबोभाट बसते. प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघायचं. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा ठेवायचा. पावडर पडलीच नाही तर नुसता प्राइमर बुलेटला नळीत अर्ध्यावर नेऊन ठेवतो. आवाज 'फुस्स' आला की थांबायचं. पुढची गोळी मारली की नळी फुगलीच.

.३०८ मध्ये चूक निदान दिसते. डाय फार खाली लावली की केसचा खांदा (मानेखालचा उतार) गरजेपेक्षा मागे जातो. तो २ हजारांश इंच मागे गेला की पुरे. त्याहून जास्त गेला तर दर वेळी केस बुडापाशी ताणली जाते. तीन-चार वापरांनंतर बुडाच्या किंचित वर चमकदार कडं दिसतं. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून ओढत आणायचं. खाच लागली की केस भंगारात. केसची लांबी २.०१५ इंचांवर गेली तर २.००५ ला कापायची.

भार तक्त्यातल्या किमान आकड्यापासून. केस ओल्या टंबलरमध्ये (केस घोळवून साफ करणाऱ्या ड्रममध्ये) धुवा, कारण कोरड्याच्या धुळीत शिसं असतं. घरात मुलं असतील तर हे काम स्वयंपाकघरात बिलकुल नको.

एच-१बी वाल्यांनी आधी कायदा वाचावा. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर त्या व्हिसावर बंदूकच काय, काडतूस बाळगणंही संघीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डला ती अडचण नाही. स्वतःसाठी भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. आणि भारतातल्या भावाला प्रेस पाठवू का, असं विचारणाऱ्यांना: नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे भाग आणि ती बनवायची यंत्रंही 'दारूगोळा' या व्याख्येत येतात. मुंबईला निघताना रेंजवर नेलेली बॅग तर घेऊच नका. आतल्या कप्प्यात राहिलेलं एक काडतूस विमानतळावर पोलिसांकडे न्यायला पुरतं.