तुम्ही विचारलंत म्हणून : बेस गिटार कुठल्या देशाची घ्यावी?

"काका, बेस घ्यायचाय. इंडोनेशियाचा मिळतोय. चालेल का जपानचाच बघू?"

महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. कधी फोनवर, कधी सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिराच्या मागच्या दाराशी साउंडवाल्याची वाट बघत उभा असतो तेव्हा. तीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय, त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं घरी पोरांच्या गिटारी सेटअप करून देतो, म्हणजे वाजवायला नीट लावून देतो, म्हणून मला विचारतात. मी अर्धंच उत्तर देतो, कारण पूर्ण द्यायचं तर चहा दोनदा करावा लागतो. आज पूर्ण देतो.

आधी माझी फजिती सांगतो. २००३ साली पतसंस्थेचं कर्ज काढून मी मुंबईहून जुना 'जपानी' बेस आणला. नाव नामांकित, हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या डोक्याच्या, मागे 'मेड इन जपान' स्वच्छ दिसतंय. विकणाऱ्याने तीन वेळा शपथ घेतली. दोन वर्षं मीही सगळ्यांना जपान-जपान करत फिरलो. मग गड्ड्याच्या यात्रेतल्या एका कार्यक्रमाआधी नेक, म्हणजे बेसची लांब दांडी, हलायला लागला म्हणून मागचे चार स्क्रू काढले. नेकच्या बुडाशी जपानी शिक्का होता, तो खरा. पण बॉडीच्या खाचेत बघतो तर प्लायवूडचे पापुद्रे, एकावर एक, आणि नेकचा कोन जमावा म्हणून खाली सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा दुमडून घातलेला. बॉडी कुठली, कुणाची, आजतागायत कळलेलं नाही. बोल्ट-ऑन, म्हणजे नेक स्क्रूने बॉडीला जोडलेल्या बेसचं हे असं असतं. चार स्क्रू काढले की अर्धा देश बदलता येतो.

राग आला, पण गंमत अशी की बेस चांगला वाजत होता. नेक सरळ, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) गुळगुळीत, खालच्या ई तारेचा, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा, सूर भरदार. पुठ्ठा काढून लाकडाची पातळ पाचर बसवली आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच्यावरच पोट भरलं. अजून भिंतीवर आहे.

तेव्हापासून मी शिक्का वाचतो, पण त्याच्यावर निकाल देत नाही.

मुळात हे शिक्क्याचं प्रकरण आलं कुठून ते बघा. लिओ फेंडर या अमेरिकन गिटारवाल्याने प्रिसिजन नावाचा बेस काढला १९५१ मध्ये, कॅलिफोर्नियात फुलरटनला. १९६० मध्ये जॅझ बेस आला. १९६५ ला सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी विकत घेतली आणि सत्तरच्या दशकातला माल बघून अमेरिकेतलेच वादक नाकं मुरडायला लागले. तिकडे जपानी कारखाने नकला काढत होते, इतक्या हुबेहूब की १९७७ मध्ये गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या मालकांनी जपानी आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर हेडस्टॉकच्या आकारावरून दावा ठोकला. म्हणजे तेव्हा 'जपानी' हा शब्द आज आपण 'चायना' म्हणतो त्याच सुरात म्हटला जायचा. १९८२ मध्ये फेंडरनेच फेंडर जपान काढली आणि मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याकडून माल बनवून घेतला. १९८५ ला सीबीएसने फेंडर विकली तेव्हा नव्या मालकांच्या वाट्याला फुलरटनचा कारखाना आलाच नाही, आणि काही काळ या अमेरिकन कंपनीचं दुकान जपानी मालावर चाललं. त्याच वर्षापासून येन वधारत गेला, जपानी माल महाग पडू लागला आणि स्वस्तातलं काम कोरियाला गेलं. तिथले पगार वाढले तसं ते इंडोनेशियाला आणि चीनला सरकलं.

मी बोटं दुखवून शिकत होतो तेव्हा 'कोरियन आहे रे तो' म्हणून हसायचे. आज तेच लोक जुना कोरियन दिसला की मला फोटो पाठवून विचारतात, सोडू नको ना?

कोरियातल्या त्या कारखान्यांचं पुढे काय झालं हे सोलापूरकरांनी तरी ऐकावं. कॉर्ट या कोरियन गिटार कंपनीने २००७ मध्ये कोरियातलं गिटारीचं काम बंद केलं, कामगार रस्त्यावर आले, आणि तडजोड व्हायला २०१९ उजाडलं. गिरणीच्या बंद दारावरून रोज शाळेत गेलेल्या माणसाला यात नवीन काही वाटत नाही. काम मात्र थांबलं नाही. ते इंडोनेशियात सुराबायाला चालूच होतं, तिथे कॉर्टचा मोठा कारखाना आधीपासून होता. त्या कारखान्यातून कॉर्टचे बेस निघतात आणि दुसऱ्या नावांचेही. स्क्वायर, म्हणजे फेंडरचीच स्वस्तातली मालिका, तिच्या सीरियल नंबरात सुरुवातीला आयसीएस अक्षरं दिसली तर इंडोनेशिया, कॉर्ट, स्क्वायर असं वाचायचं.

हे मी एकदा पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखानदारांना समजावत होतो. मुलाला बेस घ्यायचा म्हणून दोघे घरी आले होते. मुलगा अकरावीत, तोंडातून शब्द नाही, नजर भिंतीवरच्या बेसवर. वडीलच बोलत होते.

"जपानचाच घेऊ, सर. पैशाचं बघू नका."

मी विचारलं, "अण्णा, तुमच्या टॉवेलवर नाव कुणाचं असतं?"

"गिऱ्हाइकाचं. लेबल तोच पाठवतो, आम्ही शिवून देतो."

"मग दोन गिऱ्हाइकांचा माल वेगळा कसा?"

ते हसले. "माग तेच, माणसं तीच. एक जण पाचशे जीएसएमचा टॉवेल मागतो, दुसरा साडेतीनशेचा. जसे पैसे तसं सूत."

मला आणखी काय सांगायचं राहिलं? बेसचंही असंच असतं. आयबानेझचा शिकाऊ पोरांसाठीचा जीएसआर इंडोनेशियात बनतो आणि त्यांची महागडी प्रीमियम मालिकाही इंडोनेशियातच. यामाहाचा बीबी ४३४ इंडोनेशियाचा, त्याच घराण्यातला बीबीपी ३४ जपानचा. लाकूड कापणारं सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन कुठल्याही देशात असो, दिलेल्या मापाने नेक कापतं. फरक पडतो त्यानंतर. फ्रेटची टोकं कानशीने किती वेळ घासली, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा तारेनुसार कोरल्या की एकाच मापाने मारल्या, लाकूड निवडताना किती फळ्या बाजूला टाकल्या, पिकअप (तारेचं कंपन पकडणारे) आणि पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या घुंड्यांचे) कुठले बसवले. हे सगळं माणसाच्या तासांवर चालतं, आणि तासाचा दर देशागणिक बदलतो. फेंडरचा मेक्सिकोतला एन्सेनाडाचा कारखाना आणि कॅलिफोर्नियातला कोरोनाचा कारखाना यांच्यातलं अंतर सोलापूर-पुण्याहून थोडंसंच जास्त असेल. मधे सीमा आहे, म्हणून किमतीत एवढी दरी.

तेव्हा देशाने काहीच कळत नाही असं मी म्हणत नाही. जपानचा किंवा अमेरिकेचा नवा बेस उघडला की पहिल्या दिवशी माझ्या हाताला फारसं काम उरत नाही. ट्युनर गच्च, ब्रिज जड, वायरिंग नीटनेटकं. आणि विकायला काढला तर गिऱ्हाईक शिक्का बघूनच भाव देतं, हे मला आवडो न आवडो. पण वीस-पंचवीस हजारांच्या आत बघत असाल तर हा प्रश्नच उरत नाही. त्या किमतीत नवा जपानी बेस येत नाही. कुणी देतोय म्हणाला तर चार स्क्रू आठवा.

लाकडाचं म्हणाल तर त्याचा देश कुणी विचारतच नाही. अमेरिकन बेसच्या फ्रेटबोर्डवर 'रोझवूड' असतं ते कितीदा तरी आपल्या दक्षिणेकडची शिसव असते. २०१७ च्या जानेवारीत साइट्स करारात, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, शिसवीच्या सगळ्या जातींवर कागदपत्रांची बंधनं आली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोवर कारखान्यांनी दुसरी लाकडं शोधली होती. स्क्वायरच्या बेसवर आता 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं दिसतं. पोरं विचारतात, हे कुठलं हो भारी लाकूड? बाबा रे, तो आपला ऐन. कोकणात घराच्या वाशांना वापरतात तो.

मग सोलापुरात बसून बेस घेणाऱ्याने बघायचं काय? माझ्या मते आपलं हवामान. हे दुकानदार सांगत नाहीत, कारण बेस त्यांच्या एसीत टांगलेला असतो. इंडोनेशियाच्या दमट हवेत घडलेला नेक एप्रिल-मेमध्ये आपल्या ४३-४४ अंशांच्या कोरड्या भट्टीत आला की लाकूड आक्रसतं. फ्रेट धातूचे, ते आक्रसत नाहीत. मग त्यांची टोकं दोन्ही कडांनी बाहेर येतात आणि हात वरून खाली नेला की करवतीवरून नेल्यासारखं होतं. मी हे सांगताना अण्णांनी मान डोलावली. "आमच्याकडे सूत तुटतं की. उन्हाळ्यात शेडमध्ये पाणी मारावं लागतं." पहिल्यांदाच असा बाप भेटला ज्याला लाकडातली ओल समजावून सांगावी लागली नाही.

यावर उपाय मोठा नाही. बारीक कानस घेऊन टोकं घासायची, फ्रेटबोर्डला जवसाच्या वा लिंबाच्या तेलाचा हात द्यायचा, आणि ऋतू बदलला की ट्रस रॉडला (नेकच्या आतली सळई, अ‍ॅलन कीने फिरवून नेकचा बाक कमी-जास्त करतात ती) पाव आटा. हे जपानीलाही करावं लागतं, अमेरिकनलाही. मुंबईत दमट हवेत सरळ असलेला नेक इथे आल्यावर मागे झुकतो, तारा फ्रेटला लागून झर्र करतात आणि घेणारा म्हणतो, फसलो. फसला नाहीस, अ‍ॅलन की आण.

दुकानात गेलात की शिक्का शेवटी वाचा. आधी बेस मांडीवर घेऊन ई तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघा. तार आणि फ्रेटच्या मधे व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट हवी. अजिबात नसेल किंवा बोट जाईल एवढी असेल तर ट्रस रॉड फिरतोय का ते दुकानदाराला तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा. तो अडकलेला असेल तर तो बेस कुठल्याही देशाचा असो, घेऊ नका. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, घाई न करता. विशेषतः 'जी' या सगळ्यात बारीक तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास. तिथे एखादा सूर वाजतो आणि लगेच मरतो. नेकचं कंपन त्या सुराची ताकद खाऊन टाकतं. सेटअपने हे जात नाही, आणि महागड्या अमेरिकन बेसमध्येही मी हे पाहिलंय. पण एकाच मॉडेलच्या दोन नगांत ते वेगवेगळं असतं, म्हणून दोन नग मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

आणि अ‍ॅम्पसाठी पैसे राखा. खालच्या ई चा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास, इतका खाली असतो. घरातल्या ब्लूटूथ स्पीकरमधून तो येतच नाही, आणि पोरगं म्हणतं बेसला आवाजच नाही, चायनाचा असणार. आपल्याकडच्या निम्म्या ऑर्केस्ट्रांनी बेसवाल्याला काढून कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला बेस दिला, त्याचं एक कारण मला हेही वाटतं. चांगला बेस अ‍ॅम्प कुणी कधी भाड्याने आणलाच नाही, मग बेस ऐकणार कोण?

अण्णांच्या मुलाने शेवटी इंडोनेशियाचाच घेतला, यामाहाचा टीआरबीएक्स. दुकानात एकाच मॉडेलचे दोन नग होते. एकावर 'जी' तारेचा सहावा फ्रेट फुसकन मरत होता, ते मी दाखवायच्या आधी त्यानेच हेरलं आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "काका, हा नको."

मेमध्ये वडिलांचा फोन आला. फ्रेटची टोकं बाहेर आलीत, मुलाचा हात खरचटतोय. मी कानस घेऊन गेलो. कपाट उघडलं तर बेसशेजारी ओला टॉवेल टांगलेला, त्यांच्याच कारखान्यातला, सेकंडचा माल, कोपऱ्यावर कुठल्याशा परदेशी दुकानाचं लेबल. "पाणी मारलं की सूत तुटत नाही," अण्णा म्हणाले. मी टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, अण्णा, एवढं नको, तारा गंजतील.