४के मॉनिटर ३० हर्ट्झवर अडकला असेल तर

जुन्या डेस्कटॉपला नवा ४के मॉनिटर जोडला की चित्र लगेच येतं, पण माउसचा बाण अडखळत सरकतो. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं उघडून पाहा. रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं तो आकडा, ३० हर्ट्झ दिसला तर मॉनिटर परत करायची घाई नको. दोष बहुधा पोर्टचा, म्हणजे केबल लावायच्या खोबणीचा असतो.

४केचं चित्र म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट, म्हणजे सेकंदाला साधारण १२ गिगाबिट. प्रत्यक्षात थोडे जास्तच लागतात. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट हे चित्र नेणाऱ्या जोडणीचे दोन प्रकार, पुढचा आकडा त्यांच्या आवृत्तीचा. एचडीएमआय १.४मधून चित्रासाठी ८.१६ गिगाबिटच मिळतात, एचडीएमआय २.०मधून १४.४ आणि डिस्प्लेपोर्ट १.२मधून १७.२८. इंटेलच्या सहाव्या ते दहाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःहून एचडीएमआय १.४च देतं, मदरबोर्डवर वेगळी चिप बसवली असेल तरच २.० मिळतं. पण त्याच बोर्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून ६० हर्ट्झ निघतात. तेव्हा मागे डिस्प्लेपोर्ट असेल तर आधी तोच वापरा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची, मदरबोर्डाला नाही.

कधी एचडीएमआय १.४वरही ६० हर्ट्झ दिसतात. तिथे रंगांची माहिती कापलेली असते, चार पिक्सेलना मिळून एकच रंग. व्हिडिओत ते कळत नाही, पण काळ्यावरची लाल अक्षरं फुटलेली दिसतात. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ही तडजोड मला मुळीच मान्य नाही.

डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयवर जाणारं स्वस्त पॅसिव्ह (सिग्नल बदलणारी चिप नसलेलं) अ‍ॅडॉप्टर ४केला ३० हर्ट्झवरच थांबतं. ६० हवे असतील तर एचडीएमआय २.०चं अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे तशी चिप असलेलं अ‍ॅडॉप्टर घ्या. ही अ‍ॅडॉप्टरं एकाच दिशेने चालतात, उलटी लावली तर पडदा काळाच राहतो.

केबल दोन मीटरपर्यंतचीच बरी. काही हलक्या दर्जाच्या डिस्प्लेपोर्ट केबलींत २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. नियमाप्रमाणे ती तशी जोडायची नसते, कारण मॉनिटरचे ३.३ व्होल्ट त्यातून कार्डात शिरतात. मग संगणक धड बंद होत नाही किंवा सुरूच होत नाही, आणि केबल काढताच सुरळीत चालतो. ती केबल पुन्हा वापरू नका.

एवढं करूनही ३०च दिसले तर मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. कित्येक मॉनिटर कारखान्यातून एचडीएमआय १.४ किंवा डिस्प्लेपोर्ट १.१ वर लावून येतात. तिथे वरची आवृत्ती निवडा.

२७ इंची पडद्यावर इंचाला १६३ पिक्सेल येतात, त्यामुळे अक्षरं बारीक दिसतात. रिझोल्यूशन उतरवू नका, डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये स्केल (अक्षरं-चिन्हांचा आकार) १५० टक्के करा. एखादा जुना प्रोग्राम धूसर दिसला तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआय सेटिंग्ज, आणि त्यात ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ निवडून पाहा. मेनूमधली अक्षरं काही प्रोग्रामांत तेवढ्याने स्वच्छ होतात.