जुनी रोड बाइक घेऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नागपूरच्या फुटाळा तलावावर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेट झाली की हा प्रश्न येतोच: "चाळिशी उलटली, डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. सायकल पुन्हा सुरू करायची आहे. एक जुनी रोड बाइक मिळते आहे. ती घेऊ, की तेवढ्याच पैशांत नवी गिअरवाली घेऊ?"

जुनी रोड बाइक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची हलकी सायकल, घ्या. तुमच्या मापाची असेल आणि तिचं काही जाम झालेलं नसेल, तर बिनधास्त घ्या.

तेवढ्या पैशांत नवी मिळते ती बहुतेक वेळा जाड टायरची, पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा लावलेली जड सायकल असते. डोंगरातल्या पायवाटांसाठी तो चिमटा ठीक आहे. नागपूर सपाट आहे. सेमिनरी हिल्सचा चढ सोडला, तर धाप लागावी असं शहरात फारसं काही नाही. इथे ती स्प्रिंग प्रत्येक पायडलमागे तुमची थोडी थोडी ताकद खाते. पंधरा दिवसांत माणसाला वाटायला लागतं की आपल्याच्यानं होत नाही, आणि सायकल गॅलरीत कपडे वाळवायच्या कामाला लागते. रोड बाइकचं उलटं आहे. कॉलेजनंतर सुटलेली सायकल मी पंचेचाळिशीत पुन्हा हातात घेतली, साखर काठावर आली होती म्हणून. पहिल्याच सकाळी काटोल रोडवर ती जशी सुसाट निघाली, तेव्हा उद्याही यायचं हे मी तिथेच ठरवलं. व्यायाम म्हणून निघालेला माणूस आठवड्यात कंटाळतो; मजा येते म्हणून निघालेला टिकतो. म्हणून मी हलक्या, पळणाऱ्या सायकलीच्या बाजूचा आहे, मग ती दहा वर्षं जुनी का असेना.

आपल्याकडे अशा सायकली आहेतही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी हौसेनं रोड बाइक घेतल्या. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आणखी लोकांनी घेतल्या. त्यातल्या बऱ्याच आज भिंतीला टेकून उभ्या आहेत, फार न चाललेल्या.

आता काय बघायचं. महालातले माझे सायकलचे मिस्त्री एकदा म्हणाले, "पार्ट तं भेटून जाते भाऊ, फ्रेम कुठून आणाल?" जुन्या सायकलीबद्दल मला यापेक्षा उपयोगी कुणी काही सांगितलेलं नाही. टायर, ट्यूब, चेन, केबल, ब्रेक शू, हँडलची टेप, सीट हे सगळं झिजायचंच आणि बदलायचंच. लोक मात्र नेमकं तेच बघत बसतात. टेप फाटली आहे, टायर चिरलेत, म्हणून चांगली सायकल सोडतात आणि चकचकीत रंगाची, दोन माप मोठी सायकल घरी आणतात.

माप सगळ्यात आधी. साधारण पाच फूट सहा-सात इंच उंचीच्या माणसाला ५२ ते ५४ सेंटिमीटरची फ्रेम बसते, पण आकड्यावर विसंबू नका. सायकलीवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल पार खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. सीट वरखाली करून हे जमवता येतं. मग ब्रेकच्या लिव्हरवर हात ठेवा. कोपर थोडं वाकलेलं राहतं का? हात ताठ होत असतील, मान वर ओढली जात असेल, तर सायकल लांब आहे. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा पुढचा तुकडा, आखूड घालून एखाद-दोन सेंटिमीटर सुधारतात, पाच सुधारत नाहीत. आपण वर्षानुवर्षं खुर्चीत बसून कंबर आखडवून घेतली आहे, विशीतल्या पोरासारखं वाकता येणार नाही. मोठ्या मापाची सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका. मानेचं दुखणं सुरू झालं की सायकल सुटते, आणि यावेळी सुटली की परत हातात येणं कठीण.

दुसरं म्हणजे सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा. स्वतःची अ‍ॅलन की (सहा कोनी किल्ली) घेऊन जा आणि मालकाला विचारून बोल्ट सैल करा. दांडा फिरला पाहिजे, वरखाली सरकला पाहिजे. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा दांडा ग्रीस न लावता वर्षानुवर्षं राहिला, की घामाच्या आणि पावसाच्या पाण्यानं दोन धातू एकमेकांना धरून बसतात. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कार्बनचा दांडाही असाच अडकतो. तो काढताना कधी कधी फ्रेमच जाते. जाम असेल तर नमस्कार करून निघा.

तिसरं, गिअरचे लिव्हर. सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानो या जपानी कंपनीने ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये १९९० मध्ये आणले. त्याआधीच्या सायकलींना गिअरच्या दांड्या फ्रेमच्या खालच्या नळीवर असतात. त्या टिकाऊ असतात, पण गिअर टाकायला हँडलवरचा हात काढावा लागतो. सीताबर्डीच्या गर्दीत मी नव्यानं सुरुवात करणाऱ्याला ते सांगणार नाही. पुढच्या काळातल्या लिव्हरची एक खोड माहीत असू द्या. सायकल बरीच वर्षं उभी राहिली की आतलं ग्रीस वाळतं, आतले बारीक खटके चिकटतात, आणि लिव्हर दाबला तर नुसता हलतो, गिअर पडत नाही. विकणाऱ्याला वाटतं लिव्हर गेला. आपल्या मे महिन्यात बंद गॅलरीत ठेवलेल्या सायकलीला हे हमखास होतं. बरेचदा आत क्लीनर फवारून, पन्नासेक वेळा खटखट करून, नंतर पातळ तेल दिलं की तो पुन्हा धरायला लागतो. पण बरेचदा म्हणजे नेहमी नव्हे. सौदा करताना लिव्हर गेलाच आहे असं धरून किंमत ठरवा, कारण नव्या जोडीला जुन्या सायकलीच्या किमतीचा मोठा हिस्सा लागू शकतो.

फ्रेमचे सांधे, चिमट्याचा वरचा भाग आणि पायडलजवळचा जोड उजेडात बघा, बोट फिरवून बघा. रंगाखाली केसासारखी रेघ दिसली तर सोडा. जुनी कार्बन फ्रेम मी ओळखीच्या माणसाकडूनच घेईन. ती कधी आपटली होती हे बाहेरून कळेलच असं नाही. नवशिक्यानं स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमच घ्यावी. सायकल मुंबई किंवा कोकणातून आलेली असेल, तर गंज जास्त काळजीनं बघा. आपल्या कोरड्या हवेत राहिलेली असेल, तर लोखंडाची चिंता कमी आणि रबराची जास्त.

चेनसाठी स्टीलची पट्टी न्या. एक बाहेरची आणि एक आतली कडी मिळून एक इंच होतो. पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि अशा बारा जोड्या मोजा. नव्या चेनीत बरोबर १२ इंच भरतात. एक अष्टमांश इंच वाढले असतील, तर चेनबरोबर मागच्या दातेरी चकत्याही बदलाव्या लागतील असं धरून चाला. मागे आठ किंवा नऊ गिअर असलेली सायकल दिसली तर नाक मुरडू नका. तिची चेन जाड, स्वस्त आणि सहज मिळणारी असते, आणि सपाट गावात अकरा गिअरवाचून काही अडत नाही. रिमची ब्रेक लागते ती बाजू खोलगट झाली असेल, तर चाक बदलायचा खर्च धरा. चाक आऊट असेल, म्हणजे फिरताना डोलत असेल, तर मिस्त्री काढून देतो, त्याचं काही नाही.

टायरबद्दल माझा आग्रह आहे. जुन्या रोड बाइकवर बहुतेक २३ मिलिमीटरचे टायर असतात. आपल्या सिमेंटच्या रस्त्यांवर जोड आहेत, कडेला गट्टूंची उतरंड आहे, आणि २३चा टायर त्या प्रत्येक जोडाचा हिशेब मनगटाला देतो. ब्रेकखाली आणि चिमट्यात जागा असेल तर २८चे टाका, नसेल तर २५चे. आणि ट्यूबला प्रेस्टा वॉल, म्हणजे हवा भरायचं बारीक तोंड, असेल, तर छोटा पितळी अडॅप्टर कायम वॉलवर लावून ठेवा, नाहीतर कळमेश्वरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येणार नाही.

एकूण किमतीचा साधारण पाव भाग या सगळ्यासाठी बाजूला ठेवा. बिल मागा. ते नसेल तर पायडलच्या खालच्या बाजूला फ्रेमवर कोरलेला नंबर, विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि दोन ओळींचा सहीचा कागद घ्या. चोरीची सायकल कुणा पोराच्या कॉलेजच्या जाण्यायेण्याची असते, याची जाण ठेवूनच व्यवहार करावा.

शोध मे-जूनमध्ये घ्या. इंजिनिअरिंगची पोरं होस्टेल सोडतात, बदलीवाले सामान आवरतात आणि सायकल रेल्वेनं नेण्यापेक्षा विकलेली बरी असं त्यांना वाटतं. घेतली की लगेच मिस्त्रीकडे द्या: छर्रे, ग्रीस, केबल, सगळं एकदाच. पावसाच्या उघडिपीत अंबाझरी-फुटाळा एवढंच करा, बोलता येईल इतक्याच वेगानं. हृदयाची किंवा रक्तदाबाची काही तक्रार असेल तर त्याआधी डॉक्टरांना भेटा, आणि हेल्मेट व मागचा लाल दिवा सायकलीसोबतच घ्या. ऑक्टोबर येईपर्यंत बूड आणि हात सरावतात. मग आदासा, मग रामटेक.