१५०० हर्ट्झचा उंचवटा गेला, पण आधी एकाच बाजूचा

ट्यूब अँपवर माझ्या स्पीकरचा १५०० हर्ट्झजवळचा आवाज फुगून टोचत होता, तो सपाट करायचा होता. डावा स्पीकर मार्गी लागला होता, उजवा काही केल्या ऐकत नव्हता. आज सकाळी त्याचं कारण सापडलं, म्हणून नोंद लगेच लिहायला बसलोय.

मूळ तक्रार अशी. अँप ३००बी ट्यूबचा, सिंगल-एंडेड (प्रत्येक बाजूला एकच पॉवर ट्यूब), फीडबॅक (आउटपुटचा काही भाग परत आत घेऊन चूक सुधारणं) अजिबात नाही, ८ वॉट. समोर ९१ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे टू-वे (वूफर आणि ट्वीटर) बास रिफ्लेक्स स्पीकर, म्हणजे खोक्याला पोर्टची नळी असलेले. १ वॉटला ९१ म्हणजे ८ वॉटला १००, माझ्या खोलीला हे पुष्कळ झालं. तरीही गायिकेने स्वर चढवला की आवाज अंगावर यायचा. तेच स्पीकर ट्रान्झिस्टर अँपवर एकदम सरळ वाजतात. ट्यूब बदलून बघ, केबल बदलून बघ, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला मात्र संशय इम्पीडन्सचा, म्हणजे एसी सिग्नलला होणाऱ्या रोधाचा, होता, त्यामुळे आधी मोजायला घेतलं.

अँपचा आउटपुट इम्पीडन्स काढताना टोकं मोकळी सोडत नाही. लोडशिवाय ट्यूब अँप चालवणं म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात घालणं. अँपच्या ८ ओहमच्या टॅपवर (स्पीकर जोडायच्या टोकांवर) ८ ओहमचा रेझिस्टर लावून १ किलोहर्ट्झला २.०० व्होल्ट धरले आणि इनपुटला हात न लावता १६ ओहम लावला, तर २.३० व्होल्ट. यावरून अँपचे स्वतःचे निघतात २.८ ओहम. मग आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरने स्पीकरचा स्वीप काढला, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला त्याचा इम्पीडन्स किती ते मोजलं. '८ ओहम' म्हणवणारा हा स्पीकर २०० हर्ट्झच्या आसपास ५.६ पर्यंत खाली येतो आणि १५०० हर्ट्झला, वूफर-ट्वीटरच्या सांध्यावर, थेट २८ वर चढतो.

पुढचं सगळं व्होल्टेज डिव्हायडरचं गणित आहे: अँपचा आणि स्पीकरचा इम्पीडन्स व्होल्टेज आपसात वाटून घेतात. ५.६ ओहमवर अँपच्या आतच ३.५ डेसिबल जातात, २८ ओहमवर जेमतेम ०.८. म्हणजे १५०० च्या भोवती २.७ डेसिबलचा रुंद उंचवटा, आणि तो नेमका कानाला सगळ्यात लवकर टोचणाऱ्या भागात. ट्रान्झिस्टर अँपचा आउटपुट इम्पीडन्स ओहमच्या छोट्याशा अंशाएवढा, त्यामुळे तिथे हा उंचवटा उमटतच नाही. स्पीकर निवडताना आपण सगळे सेन्सिटिव्हिटीचा आकडा आधी बघतो. मी आता इम्पीडन्सचा आलेख आधी मागतो. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी अवघी ८३ डेसिबलच्या घरात, तरी जुन्या १५ ओहमच्या जोड्या ट्यूबवाले आजही शोधत असतात, याचं मला आता नवल वाटत नाही.

उपाय जुनाच, स्पीकरच्या टर्मिनलवर समांतर एलसीआर, म्हणजे एकामागे एक जोडलेले कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर. २८ चे ७ करायचे तर ९.४ ओहम लागतात, ०.७५ मिलिहेन्री आणि १५ मायक्रोफॅरड मिळून बरोबर १५०० हर्ट्झ येतात. कॉइलच्या तारेचा रोध त्या ९.४ मध्येच धरायचा, म्हणजे रेझिस्टर तेवढा कमी घ्यायचा. कॉइल एअर-कोअर, कपॅसिटर साधा पॉलिप्रॉपिलीन, रेझिस्टर १० वॉटचा सिरॅमिक. या जागी महागड्या कपॅसिटरची गरज आहे असं मला वाटत नाही. क्रॉसओव्हरच्या (वूफर-ट्वीटरला सिग्नल वाटून देणाऱ्या सर्किटच्या) आत काहीच बदललं नाही, त्यामुळे ट्रान्झिस्टर अँपवर स्पीकर होता तसाच वाजतो.

डावीकडे जोडलं आणि पहिल्याच स्वीपमध्ये २८ चे ७ झाले! उजवीकडे तेच भाग, तीच जोडणी, पण आलेख वाकडा. १३०० च्या आसपास टेकडी शिल्लक, तिच्या पुढे नको तिथे खड्डा. ऐकताना तर आणखी त्रास. एकाच ओळीत आवाज मधून सरके आणि परत येई. रेझिस्टर बदलला, कपॅसिटर बदलला, टाके पुन्हा मारले. उजव्या क्रॉसओव्हरमध्येच बिघाड असेल असं वाटून स्पीकर उघडायच्या बेतात होतो. त्याआधी दोन्ही एलसीआर आपसात बदलून पाहिले, तर दोष डावीकडे गेला. म्हणजे स्पीकर निर्दोष. मग कॉइल सोडवून एलसीआर मीटरला (कॉइल-कपॅसिटर मोजायच्या मीटरला) लावली: लेबलवर ०.७५, मीटरवर ०.६१. खड्डा १६६० ला पडत होता तो यामुळे.

विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण जोडी म्हणून विकलेल्या दोन कॉइलमध्ये एवढा फरक मला मान्य नाही. आलेली प्रत्येक कॉइल लावण्याआधी मोजा. बरा एलसीआर मीटर या छंदात ऑसिलोस्कोपच्याही आधी घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय.

नवी कॉइल येईपर्यंत थांबवेना. ०.६१ बरोबर १५०० हर्ट्झ आणायचे तर कपॅसिटर १८.४ च्या आसपास हवा. खणात ३.३ चा पडून होता, तो १५ ला समांतर लावला, १८.३ झाले. स्वीपमध्ये खड्डा १५०६ ला! जरा जास्त रुंद आहे, पण दोन्ही बाजूंचे आलेख आता जवळजवळ एकावर एक बसतात. ५.६ आणि ७ ओहममधला फरक उरला ०.६ डेसिबल. आणि गाणं? आवाज मधोमध ठाम उभा राहतो, दोन पावलं मागे. 'स' आणि 'श' वेगळे कळतात आणि टोचत नाहीत. तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावली, मन भरेना.

४ टॅपही करून पाहिला. तिथे अँपचा आउटपुट इम्पीडन्स निम्मा, म्हणून एलसीआरशिवायसुद्धा उंचवटा दीड डेसिबलवर येतो. ट्यूबला लोड हलका वाटतो, विकृती कमी होते. पण पॉवर घटते आणि मोठ्या वाद्यवृंदात अँप लवकर दमतो. ९५ डेसिबलचा स्पीकर असता तर मी तिथेच थांबलो असतो.

आता राहिला बास. इम्पीडन्सच्या आलेखात पोर्टचे दोन उंचवटे २४ आणि ६८ हर्ट्झला, मध्ये ४२ ला दरी, म्हणजे पोर्टचं ट्यूनिंग. ६८ चा ३४ ओहमपर्यंत जातो, म्हणजे तिथेही २.८ डेसिबलची फुगवटी. डबल बास गुबगुबीत वाजतो तो त्यामुळे. त्यासाठी १२ मिलिहेन्री आणि ४७० मायक्रोफॅरडचा दुसरा एलसीआर लावायचा बेत होता. आयर्न-कोअर कॉइल, बायपोलर इलेक्ट्रोलिटिक, यादीही तयार होती. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की ऑर्डर थांबवावी. वूफरच्या कॉइलचा डीसी रोध ५.२ ओहम. त्याच्या मागे अँपचे २.८ आले की वूफरचा क्यूईएस (जितका जास्त, तितकं कोनचं विद्युत दमन कमी) ०.३६ चा ०.५५ होतो. हे खोकं आणि पोर्ट ०.३६ साठी बेतलेले आहेत. मग अडचण ट्यूनिंगची आहे, ती ट्यूनिंगनेच का सोडवू नये? पोर्ट लांब केला की ट्यूनिंग खाली येतं, वरचा उंचवटाही थोडा खाली सरकतो, आणि ४० हर्ट्झच्या वर पोर्टची भर कमी होते. शिवाय टर्मिनलवर आणखी वॉट जाळायला नकोत.

तेव्हा आधी जाड पुठ्ठ्याची नळी गुंडाळून पोर्टमध्ये घट्ट बसवतो, बाहेर थोडी येऊ दे, आणि दरी ४२ वरून ३५ ला आणून मोजतो. मोजायचं अर्थात ३००बी जोडूनच, माइक वूफरच्या आणि पोर्टच्या अगदी जवळ धरून. तरी ६८ ची फुगवटी दीड डेसिबलच्या वर राहिली तर १२ मिलिहेन्रीची कॉइल मागवेन, आणि आल्याबरोबर मीटरला लावेन. कुणी सिंगल-एंडेड अँपसाठी पोर्ट लांबवला असेल तर आधीचं आणि नंतरचं ट्यूनिंग कळवा.