नाबोथाच्या गावातला उपास

बायबलमधील राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकविसावा अध्याय मी संडेस्कूलपासून ऐकत आले आहे. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथाने तो द्यायला नकार दिला. राजा अन्न सोडून तोंड फिरवून पलंगावर पडून राहिला आणि ईजबेल राणीने त्याच्या नावाने, त्याची मोहोर लावून पत्रे धाडली. इथपर्यंतची गोष्ट आमच्याकडे कोणीही सांगेल. त्या पत्रांतील पहिली आज्ञा कोणती होती, हे मात्र माझ्या लक्षात यायला वयाची अडतीस वर्षे जावी लागली. राणीने इज्रेलच्या, म्हणजे नाबोथाच्या गावाच्या, वडील मंडळींना आधी उपास जाहीर करायला सांगितले होते. नाबोथाला लोकांत मानाच्या जागी बसवायचे, समोर दोन खोटे साक्षीदार उभे करायचे आणि त्याने देवाची व राजाची निंदा केली असे त्यांच्याकडून वदवून घ्यायचे, हे सगळे त्या उपासाच्या छायेत पार पडले. एका माणसाचा मळा बळकावायचा होता, पण गावकऱ्यांना वाटले असेल की आपण देवाच्या नावाचा मान राखतो आहोत.

मी हे लिहिते आहे, कारण अशा एका उपासात मी स्वतः बसले आहे.

नोकरीनिमित्त पुण्याला आल्यावर आम्ही एका स्वतंत्र मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊ लागलो. तिचे नाव मी लिहिणार नाही. सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते, आणि ते खोटे होते असे मी आजही म्हणत नाही. माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या रात्री पास्टर दवाखान्यात आले आणि पहाटेपर्यंत आमच्यासोबत बाकावर बसून राहिले. त्या रात्रीची आठवण मला पुढे अनेकदा करून देण्यात आली. मी पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, म्हणून मंडळीच्या खजिनदारांना मदत करायची जबाबदारी माझ्याकडे आली आणि तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आले की बांधकाम निधीच्या पावतीपुस्तकांतील स्थळप्रती आणि बँकेतला भरणा यांचा मेळ बसत नाही. चूक माझीच असेल असे समजून मी दोन वेळा बेरीज केली. मग एका गुरुवारी, बायबल अभ्यास संपल्यावर, इतर कोणी जवळ नसताना मी पास्टरांना विचारले. ते काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले आणि अगदी मायेने म्हणाले, “ताई, तुमची प्रार्थना कमी झाली आहे का?”

मला उत्तर मिळाले नव्हते, पण मान खाली घालून मी घरी आले आणि खरोखरच विचार करू लागले की आपली प्रार्थना कमी झाली आहे का. पुढच्या रविवारी उपदेशाचा विषय ईजबेल होता. नाव कोणाचेही घेतले नाही. त्यानंतर मंडळीच्या ऐक्यासाठी तीन दिवसांचा उपास जाहीर झाला आणि तिसऱ्या दिवशी एका भगिनीने उभे राहून सांगितले की प्रभूने तिला आपल्यामध्ये बंडखोर आत्मा असल्याचे दाखवले आहे. दोन वर्षांपूर्वी माझा गर्भपात झाला होता. ती गोष्ट मी फक्त पास्टरांच्या पत्नीला, प्रार्थनेसाठी, विश्वासाने सांगितली होती. त्या दिवशी “घरात अधीनता नसली की उदरफळ टिकत नाही” असे वाक्य सर्वांसमोर उच्चारले गेले. मी गुडघे टेकून क्षमा मागितली. पास्टर रडले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि घरी परतताना मला इतके हलके वाटत होते की स्थळप्रतींचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला आहे हे माझ्या ध्यानात यायला दोन दिवस लागले.

हल्ली अशा माणसाला सरसकट नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात गुंतलेला, म्हटले जाते. मराठीत कोणी कोणी त्यासाठी स्वमग्न हा शब्द वापरतात, तो मला अयोग्य वाटतो, कारण आपल्याकडे स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, आणि त्या मुलांचा या दोषाशी काडीचा संबंध नाही. शिवाय व्यक्तिमत्त्वविकाराचे निदान करणे हे मानसोपचारतज्ज्ञाचे काम आहे. दुखावलेल्या सभासदाने ते करू नये. निदान बाजूला ठेवले तरी वागण्याची रीत मात्र ओळखता येते. प्रश्न हिशेबाचा असतो आणि उत्तर तुमच्या आत्मिक स्थितीबद्दल येते. आरोप नाकारला जातो, मग आरोप करणाऱ्यावरच हल्ला होतो आणि शेवटी जखम करणारा स्वतःच जखमी होऊन बसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९७ मध्ये हा क्रम मांडला, पण पलंगावर रुसून पडलेल्या अहाबात त्याची सुरुवात मला स्पष्ट दिसते. ज्याचा मळा जाणार आहे तो गुन्हेगार, आणि ज्याला मळा हवा आहे त्याचीच सगळे समजूत काढतात. मला ईजबेल ठरवण्यात आले, याचे तर मला आजही विशेष वाटते. त्या गोष्टीत मोहोर राणीच्या हातात होती. “नाही” म्हणणारा नाबोथ होता.

मोठ्या प्रमाणावर हे कसे चालते ते रवी झकरायस यांच्या प्रकरणात जगाने पाहिले. १९४६ मध्ये मद्रासला जन्मलेले, दिल्लीत वाढलेले आणि पुढे कॅनडा व अमेरिकेत नाव मिळवलेले हे ख्रिस्ती धर्मप्रचारक वक्ते भारतीय ख्रिस्ती तरुणांना आपले वाटत. माझ्या कपाटातही त्यांची पुस्तके होती. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या कंपनीने चौकशी केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. मसाज करणाऱ्या स्त्रियांशी त्यांनी केलेले लैंगिक गैरवर्तन त्यात नोंदवले आहे, आणि एका स्त्रीने बलात्काराचा आरोप केला आहे. तिच्या सांगण्याप्रमाणे, ती म्हणजे आपण केलेल्या देवसेवेचे बक्षीस आहे असे ते तिला म्हणत, मिळालेल्या संधीबद्दल देवाचे आभार मानणारी प्रार्थना तिच्यासोबत करत, आणि तिने तोंड उघडले तर त्यांच्या नावाला लागलेल्या बट्ट्यामुळे नाश पावणाऱ्या लक्षावधी आत्म्यांचा दोष तिच्यावर येईल असे त्यांनी तिला बजावले होते. तो अहवाल वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती या धमकीपाशी. तिला देवाची पर्वा नसती, तर ही धमकी पोकळ ठरली असती. तिच्या श्रद्धेचाच दोर वळून तिला बांधले होते. आणि २०१७ मध्ये दुसऱ्या एका स्त्रीने तक्रार केली, तेव्हा संस्था त्यांच्याच पाठीशी उभी राहिली होती. त्याबद्दल विश्वस्तांनी क्षमा मागितली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

“माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका” हे वचन आमच्या मंडळीत महिन्यातून एकदा तरी ऐकू येई. ते एकशे पाचव्या स्तोत्रातले आहे. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या घराण्यातले, स्वतःची जमीन नसलेले, या राज्यातून त्या राज्यात भटकणारे मूठभर लोक आहेत आणि देव त्यांच्यासाठी राजांना दटावतो आहे. दुबळ्याला बळवंतापासून वाचवणारे हे वचन बळवंताच्या हातात ढाल म्हणून कसे गेले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एन-गेदीच्या गुहेत हाती सापडलेल्या अभिषिक्त शौल राजावर दाविदाने हात टाकला नाही, हेही सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पण त्याच अध्यायात दाविदाने शौलाला सर्वांदेखत त्याच्या अन्यायाचा जाब विचारला, आणि शौल रडून “माझ्या पुत्रा” म्हणाला तरी दावीद त्याच्याबरोबर राजवाड्यात परतला नाही. तो आपल्या लोकांसह गडावर निघून गेला. क्षमा केली म्हणजे परत गेलेच पाहिजे, असे मला शिकवले गेले होते. एन-गेदीच्या गुहेपाशी तसे घडलेले नाही.

आपल्याकडे आणखी एक भीती असते आणि तिची दखल घेतलीच पाहिजे. महाराष्ट्रात आपण संख्येने थोडे आहोत, धर्मांतराच्या नावाखाली होणारे आरोप आणि त्रास खरे आहेत, त्यामुळे “बाहेर बोललात तर शत्रूच्या हाती कोलीत द्याल” हे वाक्य फार परिणामकारक ठरते. माझे तोंड त्यानेच आठ महिने बंद ठेवले. मला वाटते, कोलीत देणारा तो, ज्याने आग लावली. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर १९५० च्या कायद्यानुसार तिचे हिशेब तपासून घेणे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करणे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. ते विचारणे म्हणजे बंड होत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि तिथे “आधी मंडळीत मिटवू” या म्हणण्याला जागाच नाही. ज्याने अपराध केला त्याला आधी एकांतात जाऊन सांग, असे सांगणाऱ्या मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायाचा आधार देऊन अत्याचार झालेल्या व्यक्तीला अत्याचार करणाऱ्यासमोर एकटे बसवणे, ही तर मला क्रूरता वाटते.

या दिवसांत मला पंडिता रमाबाईंचा आधार मिळाला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर दोनच वर्षांत त्यांनी आपल्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डीन यांना, कळवले की भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण मोठ्या कष्टाने सुटलो आहोत आणि तसेच दुसरे जोखड मानेवर घ्यायची आपली तयारी नाही. ज्यांच्या आश्रयाला त्या राहिल्या होत्या त्यांनाच त्यांनी हे लिहिले. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले ते याच बाईंच्या हातून.

मी मंडळी सोडली, तेव्हा चार वर्षांत जोडलेल्या मैत्रिणींपैकी एकीनेही फोन उचलला नाही. मी त्यांना दोष देत नाही; इज्रेलच्या वडील मंडळींनाही पत्र आले होते. कित्येक महिने मला बायबल उघडता येत नव्हते, कारण प्रत्येक ओळ पास्टरांच्या आवाजात ऐकू येई. अखेर नगरला आत्याकडे गेले असताना तिने मला न विचारता रविवारी जुन्या चर्चमध्ये नेले. वाटेत मी तिला सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, “अगं, हिशेब विचारला तर विचारला. आमच्याकडे वाचूनच दाखवतात.”

योगायोगाने त्या दिवशी उपासनेनंतर वार्षिक सभा होती. खजिनदार म्हणजे एक निवृत्त शिक्षक, चष्मा नाकावर सरकवत उभे राहिले आणि एकसुरी आवाजात वाचू लागले: वीजबिल, छपराची डागडुजी, चुन्याचा खर्च, हार्मोनियमची दुरुस्ती. मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले की हार्मोनियमला इतके पैसे कसे लागले. खजिनदारांनी वहीचे पान उलटले, दुकानाची पावती काढली आणि आकडा पुन्हा वाचला. पाळकसाहेब त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसून ऐकत होते. बाई “बरं” म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी पदर तोंडाला लावून रडत होते, आणि आत्याने पर्समधून रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला.