बॉल्टिमोर : ओईजा बोर्डाच्या जन्मगावी

बॉल्टिमोरच्या ग्रीन माउंट दफनभूमीत बहुतेक पर्यटक लिंकनचा मारेकरी बूथ याची कबर शोधत येतात. मी मात्र एलायजा बाँड (१८४७-१९२१) यांच्या समाधीसाठी गेले होते. शिळेच्या एका बाजूला नाव आणि सन, तर दुसऱ्या बाजूला अख्खा ओईजा बोर्ड, म्हणजे मृतात्म्यांशी बोलण्यासाठी वापरला जाणारा अक्षरांचा फळा, कोरलेला आहे. या फळ्याचे पेटंट १० फेब्रुवारी १८९१ रोजी बाँड यांच्या नावे झाले, तरी त्यांची कबर कित्येक दशके निनावीच होती. संशोधक रॉबर्ट मर्च यांनी ती हुडकली आणि ही शिळा उभी राहिली.

वसतिगृहात रात्री कागदावर अक्षरे मांडून, पालथ्या वाटीवर बोटे टेकवून केलेले प्लँचेट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. अमेरिकेत त्यामागे फार मोठे दुःख होते. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक दगावले, कित्येकांचे देहही घरी परतले नाहीत, आणि त्यांच्याशी एकदा तरी बोलता यावे म्हणून माणसे माध्यमांचे, म्हणजे मृतात्म्यांशी संवाद साधून देतो म्हणणाऱ्यांचे, उंबरे झिजवू लागली. माध्यमांच्या बैठकीत आत्म्याची मानली जाणारी टकटक मोजत एकेक अक्षर जुळवण्यापेक्षा हा फळा कितीतरी झटपट चाले, म्हणूनच तो घरोघरी पोहोचला, असे मला वाटते.

तिथून मी माउंट व्हर्नन भागातल्या ५२९, नॉर्थ चार्ल्स स्ट्रीट या पत्त्यावर गेले. १८९० मध्ये इथल्या खाणावळवजा निवासात बाँड यांची मेहुणी हेलन पीटर्स हिने फळ्यालाच त्याचे नाव विचारले, असे सांगतात. आता तिथे किराणा दुकान आहे आणि आत त्या घटनेची पाटी आहे.

फळ्यावरचा लाकडी तुकडा हलतो तो बोटांमुळेच. अशा बैठकांत हात टेकवताच फिरू लागणाऱ्या टेबलांचे गूढ उकलताना शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५३ मध्ये हाताखाली पुठ्ठ्यांचे थर मऊ चिकट पदार्थाने एकमेकांवर बसवले; वरचे थर आधी सरकत आणि टेबल मागाहून हले. लोटणाऱ्यांना मात्र आपण लोटतो आहोत याची जाणीवच नसे. हे कळल्यावर मला त्या शोकाकुल घरांबद्दल अधिकच माया वाटू लागली, कारण उत्तरे त्यांच्याच मनातून येत होती.

फळ्याचे आकर्षण मात्र ओसरले नाही : १९६७ मध्ये त्याची विक्री मोनोपॉलीपेक्षाही जास्त झाली. हेलन पीटर्सने मात्र त्याच्याकडे पाठ फिरवली होती. घरातली युद्धकाळची बटणे हरवली तेव्हा कुटुंबाने फळ्याला चोराचे नाव विचारले, त्याने घरातल्याच एकाचे नाव दिले आणि कुटुंबात फूट पडली, अशी हकीकत तिच्या वंशजांकडून आली आहे. त्यानंतर, हा फळा खोटे बोलतो, असे ती अखेरपर्यंत सांगत राहिली.